नाकारलेली पेनल्टी आणि पराभव : एका निर्णयाने सामना किती ठरतो?

मडगाव : गोव्यातील फातोर्डा येथील पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर १८ मार्च २०२३ रोजी इंडियन सुपर लीग फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना झाला. एटीके मोहन बागान आणि बेंगळुरू एफसी यांच्यातील ही लढत जादा वेळेनंतरही २-२ अशी बरोबरीत राहिली आणि पेनल्टी शूटआऊटमध्ये मोहन बागानने ४-३ अशी बाजी मारली. शूटआऊटपूर्वीच्या चार गोलांपैकी तीन गोल पेनल्टीवर झाले होते. त्यांतील शेवटची पेनल्टी मोहन बागानला ८५व्या मिनिटाला मिळाली. त्या वेळी बेंगळुरू २-१ असा पुढे होता आणि विजेतेपद अवघ्या काही मिनिटांवर होते. सामन्यानंतर बेंगळुरूचे मालक पार्थ जिंदल यांनी पंचांच्या काही निर्णयांवर जाहीर नाराजी व्यक्त केली आणि भारतीय फुटबॉलमध्ये व्हिडिओ साहाय्यक पंच, म्हणजेच व्हीएआर, आणण्याची मागणी केली.

फातोर्ड्यात वाद दिलेल्या पेनल्टीवरून झाला. जगभर याहून अधिक वाद न दिलेल्या पेनल्टीवरून होतात. दोन्ही वादांचा गाभा एकच असतो : पंचांचा तो एक निर्णय वेगळा असता, तर आपला संघ हरला नसता. कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार किंवा शिवाजी तरुण मंडळाच्या सामन्यानंतर, कोलकात्यात डर्बीनंतर आणि कोचीत ब्लास्टर्सच्या पराभवानंतर हेच वाक्य ऐकू येते. या वाक्यात प्रत्यक्षात दोन स्वतंत्र प्रश्न दडलेले आहेत. पंच चुकले का, हा पहिला. त्या चुकीमुळे सामना गेला का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर ‘होय’ असले, तरी दुसऱ्याचे उत्तर आपोआप ‘होय’ होत नाही. दोन्ही प्रश्न वेगळे ठेवले, की वादाचा बराचसा भाग हिशेबाने तपासता येतो.

नियम काय सांगतो?

पेनल्टीची तरतूद १८९१ मध्ये खेळाच्या नियमांत आली. आयर्लंडमधील मिलफर्ड येथील गोलरक्षक विल्यम मॅक्रम यांनी ही कल्पना मांडली होती. गोल होण्याच्या बेतात असताना प्रतिस्पर्ध्याला पाडणे किंवा चेंडू हाताने अडवणे बचाव करणाऱ्या संघाला फायद्याचे ठरत होते आणि त्यावर पुरेशी कठोर शिक्षा नव्हती. आजच्या नियमानुसार थेट फ्री किकला पात्र ठरणारा गुन्हा बचावपटूने स्वतःच्या पेनल्टी क्षेत्रात केला, तर प्रतिस्पर्धी संघाला गोलरेषेपासून ११ मीटर अंतरावरून पेनल्टी मिळते.

यातील ‘गुन्हा’ ठरवणे बव्हंशी पंचांच्या आकलनावर सोपवलेले आहे. चेंडू हाताला लागला म्हणजे प्रत्येक वेळी हँडबॉल होत नाही. खेळाडूने हेतुपुरस्सर हात लावला का, किंवा हाताची स्थिती अनैसर्गिक असून त्यामुळे शरीराचा आकार वाढला का, हे पाहावे लागते. धक्क्याच्या बाबतीतही तो निष्काळजी होता की खेळाच्या ओघातील होता, हे पंच ठरवतात. त्यामुळे अनेक प्रसंगांत दोन अनुभवी पंच दोन वेगवेगळे निर्णय देऊ शकतात आणि दोन्ही निर्णय नियमात बसू शकतात.

खेळाशी संबंधित घटनांबाबत पंचांचा निर्णय अंतिम असतो, हेही नियमच सांगतो. गोल झाला की नाही आणि सामन्याचा निकाल काय, या बाबी त्यातच येतात. खेळ पुन्हा सुरू झाला, की पंचांना आधीचा निर्णय बदलता येत नाही. म्हणूनच सामन्यानंतर चूक सिद्ध झाली, तरी निकाल कायम राहतो.

याला अपवाद अत्यंत दुर्मीळ आहेत. विश्वचषक पात्रता फेरीत ३ सप्टेंबर २००५ रोजी ताश्कंद येथे उझबेकिस्तानने बहारीनविरुद्ध पेनल्टीवर गोल केला. मात्र किक घेण्यापूर्वीच उझबेक खेळाडू पेनल्टी क्षेत्रात शिरल्याचे पंचांनी हेरले. अशा वेळी किक पुन्हा घ्यायला लावणे हा नियम होता. पंचांनी त्याऐवजी बहारीनला फ्री किक दिली. ही आकलनातील चूक नव्हती, नियमच चुकीचा लावला गेला होता. त्यामुळे फिफाने सामना पुन्हा खेळवला. उझबेकिस्तानने मूळ सामना १-० असा जिंकलेला होता. फेरसामना १-१ असा बरोबरीत सुटला, परतीची लढत गोलशून्य राहिली आणि परक्या मैदानावरील गोलच्या निकषावर बहारीन पुढे गेला. दुसरा अपवाद दक्षिण आफ्रिका विरुद्ध सेनेगल या नोव्हेंबर २०१६ मधील सामन्याचा. त्यात चेंडू गुडघ्याला लागूनही हँडबॉलची पेनल्टी देण्यात आली होती. निकालात गैरप्रकार केल्याच्या ठपक्यावरून फिफाने त्या पंचांवर आजीवन बंदी घातली आणि सामना वर्षभरानंतर पुन्हा खेळवला. दक्षिण आफ्रिकेने पहिला सामना २-१ असा जिंकला होता. फेरसामना सेनेगलने २-० असा जिंकून विश्वचषक गाठला. एकूण, प्रामाणिकपणे केलेल्या चुकीसाठी फेरसामना मिळत नाही. नियमाचा चुकीचा वापर किंवा गैरव्यवहार असेल, तरच तो मिळू शकतो.

पेनल्टी म्हणजे गोल नव्हे

‘पेनल्टी नाकारली’ हे वाक्य बोलता बोलता ‘गोल नाकारला’ असे होऊन जाते. हिशेबातील पहिली गफलत येथेच होते. रशियातील २०१८ च्या विश्वचषकात २९ पेनल्टी देण्यात आल्या आणि त्यांतील २२ वर गोल झाले. हे प्रमाण सुमारे ७६ टक्के येते. म्हणजे ढोबळ मानाने चारपैकी एक पेनल्टी वाया जाते. नाकारलेल्या पेनल्टीची किंमत म्हणूनच सुमारे पाऊण गोल धरावी लागते.

पेनल्टी अखेरच्या क्षणी आणि बरोबरीच्या स्थितीत मिळाली तरी हा धोका टळत नाही. जोहान्सबर्ग येथे २ जुलै २०१० रोजी विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत घाना आणि उरुग्वे १-१ असे बरोबरीत होते. जादा वेळेच्या अगदी शेवटी उरुग्वेच्या लुईस सुआरेझने गोलात जाणारा चेंडू हाताने अडवला. पंचांनी त्याला लाल कार्ड दाखवले आणि घानाला पेनल्टी दिली. निर्णय पूर्णपणे बरोबर होता. असामोआ ग्यानची किक मात्र गोलच्या आडव्या खांबावर आदळली आणि नंतर शूटआऊटमध्ये उरुग्वेने ४-२ असा विजय मिळवला. त्या दिवशी पंचांनी पेनल्टी दिली नसती, तर घानाच्या पराभवाचे खापर कायमचे त्यांच्याच माथी फुटले असते.

फातोर्ड्यातील शूटआऊटही याच अंगाने पाहता येतो. बेंगळुरूच्या ब्रुनो रामिरेसची किक गोलरक्षक विशाल कैथने अडवली आणि पाब्लो पेरेझची किक गोलच्या वरून गेली. वादग्रस्त निर्णयानंतरही बेंगळुरूच्या हाती निर्धारित वेळेतील उरलेली मिनिटे, जादा वेळेची ३० मिनिटे आणि पाच किक एवढी संधी होती. शिवाय पूर्वार्धाच्या भरपाई वेळेत बेंगळुरूला बरोबरी साधून देणारा सुनील छेत्रीचा गोलही पेनल्टीवरच झाला होता.

मिनिट आणि गोलफलक

नाकारलेल्या पेनल्टीचे वजन दोन गोष्टींवर ठरते. त्या वेळी गोलफलक काय होता आणि किती खेळ बाकी होता? संघ ८८व्या मिनिटाला ०-३ असा मागे असेल, तर पेनल्टीने निकाल बदलण्याची शक्यता नगण्य असते. दहाव्या मिनिटाला ०-० असताना तीच पेनल्टी संघाला पुढे नेऊ शकते, पण प्रतिस्पर्ध्याला उत्तर द्यायला ८० मिनिटे मिळतात. बरोबरी असताना अखेरच्या टप्प्यात नाकारलेली पेनल्टी सर्वांत महाग पडते.

यूरो २०२४ मधील उपांत्यपूर्व सामना या महागड्या प्रकारातला होता. श्टुटगार्ट येथे ५ जुलै २०२४ रोजी जर्मनी आणि स्पेन १-१ असे बरोबरीत असताना, जादा वेळेत १०६व्या मिनिटाला जमाल मुसियालाचा फटका स्पेनच्या मार्क कुकुरेयाच्या हाताला लागला. पंच अँथनी टेलर यांनी पेनल्टी दिली नाही. ११९व्या मिनिटाला मिकेल मेरिनोने हेडरवर गोल केला आणि यजमान जर्मनी २-१ असा हरून स्पर्धेबाहेर गेला. त्या प्रसंगी पेनल्टी द्यायला हवी होती, असा यूएफाच्या पंच समितीचा अभिप्राय सप्टेंबर २०२४ मध्ये समोर आला. पहिल्या प्रश्नाचे उत्तर अशा रीतीने मिळाले.

दुसऱ्या प्रश्नासाठी एक साधा हिशेब मांडता येतो. त्यातील पहिला आणि तिसरा आकडा केवळ उदाहरणादाखल धरलेला आहे. बरोबरीत असलेल्या दोन तुल्यबळ संघांची पुढे जाण्याची शक्यता प्रत्येकी ५० टक्के धरू. पेनल्टीवर गोल होण्याची शक्यता ७५ टक्के धरू. गोल झाल्यास उरलेल्या १४ मिनिटांत आघाडी टिकवून पुढे जाण्याची शक्यता ९० टक्के धरू. किक हुकल्यास शक्यता पुन्हा ५० टक्क्यांवर येते. या आकड्यांनुसार पेनल्टी मिळालेल्या संघाची पुढे जाण्याची शक्यता ८० टक्के होते. अशा स्थितीतील १०० सामने घेतले, तर पेनल्टी न मिळता संघ ५० सामने हरेल आणि पेनल्टी मिळूनही २० सामने हरेल. म्हणजे ५० पराभवांपैकी सुमारे ३० पराभव त्या निर्णयाच्या खाती टाकता येतील. उरलेले २० तसेही झाले असते. जर्मन चाहत्यांची तक्रार या हिशेबात भक्कम ठरते. मात्र तिचे नेमके रूप ‘आमचा विजय गेला’ असे नसून ‘आमची मोठी संधी गेली’ असे आहे.

त्याच सामन्यात आणखी एक निर्णय होता आणि त्याची चर्चा जर्मनीत कमी झाली. सुरुवातीच्या काही मिनिटांत टोनी क्रूसच्या आघाताने स्पेनचा पेद्री जायबंदी होऊन मैदानाबाहेर गेला. क्रूसला त्यासाठी कार्ड मिळाले नाही. पेद्रीच्या जागी आलेल्या दानी ओल्मोने ५१व्या मिनिटाला स्पेनचा पहिला गोल केला आणि ११९व्या मिनिटाच्या गोलसाठी चेंडूही त्यानेच पुरवला. पंचांच्या सौम्यतेचा फायदा कोणाला आणि तोटा कोणाला झाला, हे एका प्रसंगावरून सांगणे किती अवघड असते, ते यातून दिसते.

दोह्यातील वजाबाकी

भारतीय चाहत्यांसाठी याच प्रश्नाचे सर्वांत वेदनादायी उदाहरण पेनल्टीचे नाही, पण त्याचा तर्क तोच आहे. विश्वचषक पात्रता स्पर्धेच्या दुसऱ्या फेरीत ११ जून २०२४ रोजी दोहा येथे भारत कतारविरुद्ध खेळत होता. लालियानझुआला छांगतेने ३७व्या मिनिटाला भारताला आघाडी मिळवून दिली. ७३व्या मिनिटाला गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधूने हेडर अडवल्यानंतर चेंडू गोलरेषेच्या बाहेर गेला. कतारच्या खेळाडूने तो पायाने आत ओढला आणि युसूफ आयमनने गोल केला. दक्षिण कोरियाच्या पंचांनी गोल ग्राह्य धरला. या फेरीत व्हीएआरची व्यवस्था नव्हती. ८५व्या मिनिटाला अहमद अल-रावीने दुसरा गोल केला आणि भारत १-२ असा हरला. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने फिफा आणि आशियाई महासंघाकडे तक्रार नोंदवली. निकाल कायम राहिला. १७ जूनला प्रशिक्षक इगोर स्टिमॅक यांना पदावरून दूर करण्यात आले.

येथे चुकीबाबत फारसा वाद नाही. परिणामाचे गणित मात्र सरळ नाही. सामन्यापूर्वी भारताचे पाच सामन्यांतून ५ गुण होते. त्याच दिवशी कुवेतने अफगाणिस्तानला १-० असे हरवून ७ गुण गाठले. भारत जिंकला असता तर ८ गुणांसह तिसऱ्या फेरीत गेला असता. वादग्रस्त गोल केवळ वजा केला आणि बाकी सारे तसेच ठेवले, तर सामना १-१ असा सुटतो, भारताचे ६ गुण होतात आणि कुवेतच पुढे जातो. पण अशी वजाबाकी फुटबॉलमध्ये करता येत नाही. भारत १-० असा पुढे असता, तर ७३व्या मिनिटानंतर दोन्ही संघ वेगळ्या पद्धतीने खेळले असते. अल-रावीचा गोल झाला असता किंवा नसताही. त्यामुळे ‘या गोलमुळेच भारत बाहेर पडला’ हे सिद्ध करता येत नाही आणि ‘त्या गोलने काही फरक पडला नाही’ हेही सिद्ध करता येत नाही. १७ मिनिटे १-० आघाडी राखण्याची खरीखुरी संधी भारताकडून हिरावली गेली, एवढे निश्चितपणे म्हणता येते.

त्या संधीची किंमत मोठी होती. तिसऱ्या फेरीत गेलेल्या संघांना २०२७ च्या आशियाई चषकाची थेट पात्रता मिळाली. भारताला त्यासाठी वेगळी पात्रता स्पर्धा खेळावी लागली. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ रोजी फातोर्ड्यातच सिंगापूरकडून १-२ असा पराभव झाला आणि भारताचे आव्हान संपले. असे असले तरी दोह्याच्या सामन्याआधी मार्च २०२४ मध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून १-२ असा झालेला पराभव आणि कोलकात्यातील कुवेतविरुद्धची गोलशून्य बरोबरी हेही त्याच गुणतक्त्याचे भाग होते. त्या दोन सामन्यांत गमावलेले पाच गुण पंचांनी घेतलेले नव्हते.

तोच सामना, दोन दृश्ये

चाहत्यांना मात्र शेवटचा आणि सर्वांत ठळक प्रसंगच आठवतो, आणि तो आपापल्या संघाच्या बाजूने दिसतो. अमेरिकेतील डार्टमथ आणि प्रिन्स्टन या दोन महाविद्यालयांत १९५१ मध्ये झालेल्या अमेरिकन फुटबॉलच्या एका धसमुसळ्या सामन्याचे चित्रीकरण मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कँट्रिल यांनी दोन्ही ठिकाणच्या विद्यार्थ्यांना दाखवले. प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना डार्टमथच्या खेळाडूंनी केलेले नियमभंग जितके दिसले, त्याच्या निम्म्याहून कमी डार्टमथच्या विद्यार्थ्यांना दिसले. चित्रफीत एकच होती. १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास आजही उद्धृत केला जातो. चाहते खोटे बोलत नाहीत, त्यांना खरोखर वेगळे दिसते, हे त्याचे सार.

बेंगळुरूच्याच चाहत्यांना या दोन्ही बाजूंचा अनुभव पंधरा दिवसांच्या अंतराने आला. ३ मार्च २०२३ रोजी केरळ ब्लास्टर्सविरुद्धच्या बाद सामन्यात जादा वेळेत छेत्रीने झटपट घेतलेली फ्री किक पंचांनी ग्राह्य धरली आणि तो गोल ठरला. निषेध म्हणून ब्लास्टर्सने मैदान सोडले. बेंगळुरूला विजयी घोषित करण्यात आले आणि महासंघाच्या शिस्तपालन समितीने ब्लास्टर्सला ४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्या दिवशी पंचांच्या निर्णयाचे समर्थन करणारे अनेक जण १८ मार्चला तक्रारदारांच्या रांगेत उभे होते.

यंत्राने काय सुटते?

तंत्रज्ञानामुळे काही प्रश्न खरोखर मिटले आहेत. २०१० च्या विश्वचषकात इंग्लंडच्या फ्रँक लॅम्पार्डचा जर्मनीविरुद्धचा फटका गोलरेषेच्या स्पष्ट आत पडूनही गोल दिला गेला नव्हता. दोन वर्षांनी गोलरेषा तंत्रज्ञानाला मान्यता मिळाली आणि २०१४ च्या विश्वचषकात ते वापरले गेले. चेंडू रेषेपलीकडे गेला की नाही, हा वस्तुस्थितीचा प्रश्न असल्याने यंत्र त्याचे उत्तर देऊ शकते. दोह्यातील चूकही व्हीएआरने दुरुस्त होण्यासारखीच होती.

पेनल्टीचा निर्णय मात्र बहुधा आकलनाचा असतो. २०१८ च्या विश्वचषकात वापरलेली व्हीएआर पद्धत गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला कार्ड या चार बाबींपुरती होती. पंचांची ‘स्पष्ट आणि उघड चूक’ झाली असेल, तरच तिने हस्तक्षेप करायचा असतो. श्टुटगार्टमध्ये व्हीएआर उपलब्ध होते, तरीही निर्णय बदलला नाही. त्यामुळे व्हीएआर आल्यास चुका कमी होतील, वाद संपतील असे नाही.

भारतात खर्च हा वेगळा अडथळा आहे. प्रत्येक मैदानावर पुरेसे कॅमेरे, स्वतंत्र कक्ष आणि प्रशिक्षित व्हिडिओ पंच लागतात. फातोर्ड्याच्या त्या अंतिम सामन्यापर्यंत इंडियन सुपर लीगमध्ये व्हीएआर नव्हते. २०२४ मध्ये फिफाने २० आणि १७ वर्षांखालील महिलांच्या विश्वचषकांत ‘फुटबॉल व्हिडिओ सपोर्ट’ ही सुटसुटीत पद्धत चाचणी म्हणून वापरली. तीत स्वतंत्र व्हिडिओ पंच नसतात. प्रशिक्षकाला ठरावीक वेळा फेरतपासणी मागता येते आणि पंच स्वतः मैदानाशेजारील पडद्यावर प्रसंग पाहतात. क्रिकेटमधील ‘रिव्ह्यू’शी परिचित असलेल्या भारतीय प्रेक्षकाला ती समजण्यास सोपी आहे आणि कमी कॅमेऱ्यांतही ती चालू शकते.

जिल्हा आणि गल्ली पातळीवरील फुटबॉलला यातले काहीही नजीकच्या काळात मिळणार नाही. तेथे एक पंच, दोन साहाय्यक आणि शिट्टी एवढीच व्यवस्था राहील. अशा मैदानांवर चाहत्यांच्या वादाचा भार थेट त्या तीन माणसांवर पडतो. प्रत्येक पराभव पंचांच्या नावावर लिहिला जाऊ लागला, तर शिट्टी हाती घ्यायला नवे तरुण पुढे येणार नाहीत आणि चुका आणखी वाढतील.

म्हणून नाकारलेल्या पेनल्टीची तक्रार करताना चार गोष्टी तपासणे उपयुक्त ठरते. निर्णय नियमानुसार स्पष्ट चूक होता की आकलनाचा भाग? तेव्हा गोलफलक काय होता? किती मिनिटे उरली होती? आणि आपल्या संघाच्या बाजूने गेलेल्या त्याच सामन्यातील निर्णयांनाही तोच निकष लावला का? या चारही प्रश्नांना तोंड देऊन उरणारी तक्रार खरी असते आणि महासंघाकडे ती नेटाने मांडायला हवी. बाकीचा हिशेब हुकलेल्या संधी, ढिला बचाव आणि शूटआऊटमध्ये गोलच्या वरून गेलेली किक यांच्याशी करावा लागतो.